मागची बाजू

चार हजार एकशे बारा फोटो आले.
क्राकोवहून, बुसानहून, बारीहून,
कुणाकुणाच्या जुन्या फोनांतून, एका बाईच्या मेमरी कार्डातून,
ज्याला अजून सनस्क्रीनचा वास येतो असं डिटमार म्हणाला.
सगळ्यांत तोच : बेरातचा गोरित्सा पूल,
ओसुम नदीवरच्या सात कमानी.
माझं गाव, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं.

काम सांगायला सोपं आहे.
यंत्र एका फोटोतला दगडाचा टवका
दुसऱ्या फोटोत हुडकतं, मग तिसऱ्यात,
आणि उलटं मागे जात ठरवतं
कोण कुठे उभं होतं, किती वाकलं होतं,
सेल्फीसाठी कुणाचा हात किती लांबला होता.
प्रत्येक कॅमेऱ्याचा पडद्यावर एक इवला शंकू.
पुलासमोर शंकूंचा थवा, पाकोळ्यांसारखा.
मग ठिपके. कोटी-दीड कोटी ठिपके,
आणि ठिपक्यांतून हळूहळू पूल,
माउस धरून फिरवता येईल असा,
खालून, वरून, पाण्याच्या अंगानं.

जे हलतं ते पुसलं जातं.
हा नियम माझा नाही, गणिताचा आहे.
दोन फोटोंत जे एका जागी सापडत नाही
त्याला आम्ही कचरा म्हणतो.
नवऱ्या गेल्या, त्यांचे घोळदार झगे गेले,
कुत्री गेली, फुगेवाला गेला,
नदीही गेली बहुतेक;
तिच्या जागी एक करडा, चुरगळलेला पत्रा.

तिसऱ्या रात्री पुलाच्या पायथ्याशी,
कठड्याला लागून,
एक ढेकूळ दिसलं.
ते खोडायलाच निघाले होते.
जवळ गेले. स्टूल. तागडीचं एक पारडं.
अंजिराच्या मुरांब्याच्या बरण्या, बारा, ओळीत.
आणि दोन गुडघे.

बाबा.

नेव्रूझ अंजीरवाला.
अकरा वर्षं त्याच स्टुलावर, त्याच चार फरशांवर
असे बसायचे की आई म्हणायची,
एखाद्या दिवशी पूल उठून जाईल, हा माणूस नाही उठायचा.
त्यांचा फोटो कुणी काढलाच नव्हता.
ते पुलाच्या फोटोत आले, एवढंच :
कोपऱ्यात, अर्धे, कुणाच्या तरी दंडामागे,
सहाशे चाळीस वेळा.
गुडघे हलले नाहीत म्हणून राहिले.
चेहरा मात्र नाही.
गिऱ्हाइकाकडे, नदीकडे, शाळेच्या घंटेकडे
तो सारखा वळायचा;
तिथे धूर आहे, कातडीच्या रंगाचा,
आणि वर टोपीची कड, स्वच्छ,
उसवलेला धागासुद्धा दिसतो.

मी माउस वळवला, मागून बघायला.
मागे काहीच नाही.
मुखवट्याच्या आतल्या बाजूसारखं पोकळ,
उलटे गुडघे, उलटी टोपी, आरपार काळा पडदा.
पर्यटक सगळे समोरून येतात.
पाठीमागे फक्त भिंत होती, आणि भिंतीत आमची खिडकी.

बेरातला हजार खिडक्यांचं गाव म्हणतात.
एकीतूनही कुणी खाली कॅमेरा धरला नाही.
आमच्या खिडकीत मी असायचे, भांडी विसळत.
मला ते पाठमोरेच माहीत.
डाव्या खांद्याखाली स्वेटरला माझ्या हातचं रफू,
भलत्याच हिरव्या लोकरीचं.
मानेवर उन्हानं भाजलेली घडी.
बरणी खपली की पाठ किंचित रुंद व्हायची.
हाक मारली तर वळून न बघता
एक हात वर. ऐकलं, म्हणून.

सकाळी डिटमार म्हणाला, भोक बुजवून टाकू,
सॉफ्टवेअर अंदाजानं पाठ बनवतं, चांगली बनवतं.
मी म्हटलं, नको.
लोक फिरवून बघतील ना, झानेता.
बघू देत.

पूल आता सगळ्यांसाठी खुला आहे.
येणारे येतात, कमानीखालून उडत जातात,
बरण्यांपाशी कुणी क्षणभर थबकतं.
रात्री मी नोंदी चाळते.
परवा कुणीतरी, कुठून कोण जाणे,
त्या पोकळीच्या आत शिरलं
आणि आतून बाहेर बघत राहिलं,
चार मिनिटं :
पूल, पत्र्याची नदी,
आणि समोर शंकूंचा अख्खा थवा,
सगळे जरासे बाजूला बघणारे.